दूध-तुपाशिवाय पहिली उसळ

नमस्कार मंडळी. व्हीगन, म्हणजे दूध, तूप, मध असा कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेला, स्वयंपाक घरी पहिल्यांदा करून पाहताना कडधान्यांचा आधार कसा घ्यावा, या विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावलेत. मी आहारतज्ज्ञ नाही, रोज स्वयंपाक करणारी बाई आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते ओट्यापाशी उभे राहूनच कळलेले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तीन महिने आमच्याकडे राहायला आला. आल्या दिवशीच त्याने संकोचत सांगितले, "मावशी, मी आता दूध, दही, तूप, मध यांपैकी काही खात नाही. पण तू वेगळे काही करू नकोस, पोळी-भाजी मला पुरेल." आमचे घर पिढ्यान्‌पिढ्यांचे शाकाहारी, त्यामुळे मांसाहार न करणारा पाहुणा आम्हांला नवा नव्हता, पण वरणावर तूप नको म्हणणारा पाहुणा मी प्रथमच पाहत होते. पहिले चार दिवस मी सोयाबीनचे दूध आणि टोफू आणून पनीरच्या भाजीची आणि खिरीची नक्कल करत बसले. तो काही न बोलता जेवत होता, पण त्या जेवणात जीव नव्हता हे मला माझ्याच पहिल्या घासाला कळत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फडताळ उघडले. मूग, मटकी, चवळी, अख्खा मसूर, काळे वाटाणे, कुळीथ, कडवे वाल आणि साताऱ्याहून आणलेला वाघ्या घेवडा असे सगळे डबे समोर ओळीने होते, आणि यांपैकी एकाच्याही उसळीत आमच्याकडे दुधा-तुपाचा थेंब कधी पडलेला नाही, हे त्या क्षणी लक्षात आले. देशावर शेंगदाण्याच्या तेलाची फोडणी आणि दाण्याचे कूट, कोकणात ओल्या नारळाचे वाटण आणि आमसूल, यांवर उसळ उभी राहते. कुळथाच्या कळणात नारळाचे दूध पडते, सोलकढी तर नारळाच्या दुधाचीच, आणि मिसळीवरचे दही बाजूला ठेवले की मिसळही व्हीगनच. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये घडवला गेला, पण ज्या जेवणाला तो लागू होतो, त्यातले बरेचसे आपल्या रोजच्या ताटात आधीपासून वाढलेले असते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे असे की, जे सोडले त्याची नक्कल करण्यात पहिला महिना घालवू नये, तो कडधान्य नीट भिजवायला आणि शिजवायला शिकण्यात घालवावा. कारण उसळ बिघडते ती बहुधा मसाल्यामुळे नव्हे, पाण्यामुळे आणि घाईमुळे बिघडते.

माझेच उदाहरण सांगते. एके सकाळी उशीर झाला म्हणून रात्रभर भिजलेले काळे वाटाणे मी कुकरमध्ये घातले आणि नंतर वेळ नको म्हणून आमसुलेही त्यातच टाकली. सहा शिट्ट्या झाल्या, कुकर उघडला, तर वाटाणे दडदडीत. आणखी चार शिट्ट्या काढल्या तरी दाणा बोटाने चेपेना. आम्ल पदार्थामुळे दाण्याच्या पेशीभित्तिकांमधले पेक्टिन, म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे द्रव्य, घट्ट राहते आणि दाणा मऊ होत नाही. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो हे सारे दाणा बोटचेपा शिजल्यावरच घालायचे. विंधणविहिरीच्या जड पाण्यातही असेच होते, कारण त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तेच पेक्टिन आवळून धरतात. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा घालतात आणि दाणा शिजतोही, पण सोड्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि दाण्याचा लगदा व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा शिजवण्यापुरते गाळलेले पाणी घ्यावे.

मिठाबद्दल मात्र आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. मीठ आधी घातले की कडधान्य शिजत नाही, असे मी लहानपणापासून ऐकत आले. प्रत्यक्षात मोड काढायचे नसतील, तर घेवडा, राजमा किंवा छोले भिजवतानाच लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ घालावे आणि शिजवण्यापूर्वी ते पाणी टाकून द्यावे. सालीतल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेतो, साल मऊ पडते आणि दाणे फुटत नाहीत. हे मी दोन वाट्यांत शेजारी शेजारी भिजवून पाहिले, तेव्हाच माझा विश्वास बसला. इतके करूनही दाणे शिजले नाहीत, तर डबा जुना असला पाहिजे. वर्ष-दोन वर्षे पडून राहिलेल्या कडधान्यात गणंग, म्हणजे कितीही शिजवले तरी कडकच राहणारे दाणे, वाढत जातात, आणि गणंगापुढे कुकरचेही काही चालत नाही.

मोडांविषयी थोडे सविस्तर बोलते, कारण भाच्याला खरी गोडी लागली ती तिथेच. त्याने निवडले ते नेमके सर्वांत कष्टाचे कडधान्य, कडवे वाल. सकाळी वाल भिजत घातले, दिवसातून दोनदा पाणी बदलले, रात्री निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून चाळणीत ठेवले. फडके ओले हवे, पण गाठोड्यात पाणी साचता कामा नये, साचले की दाणे बुळबुळीत होऊन आंबूस वास येऊ लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाठोडे सोडले, तेव्हा प्रत्येक वालाला टपोरा पांढरा मोड आलेला होता. ते कोमट पाण्यात टाकून आम्ही दोघे परात मध्ये घेऊन सोलायला बसलो. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाणा धरून हलके दाबले की साल हातात राहते आणि आतली फिकट हिरवट डाळिंबी टुणकन परातीत उडते. पहिल्या दहा-बारा डाळिंब्या त्याच्या हातात मोडल्या, मग हात बसला. वाटीभर वाल सोलायला आम्हांला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात त्याने मला आपण दूध का सोडले हे पहिल्यांदा मोकळेपणाने सांगितले.

या डाळिंब्यांच्या उसळीची, म्हणजे बिरड्याची, कृती साधी आहे. तेलात मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण आणि कांदा, त्यावर डाळिंब्या, मग ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर वाफ. डावाने ढवळायचे नाही, पातेले हलवायचे, नाहीतर डाळिंब्यांचे तुकडे होतात. शिजल्यावर नारळाचे वाटण, आमसूल, गूळ, मीठ आणि अंगासरसा रस. वालाचा किंचित कडवटपणा त्या गुळा-आमसुलात असा काही मुरतो की तुपाची आठवणसुद्धा येत नाही.

एका कडधान्याबाबत मात्र विशेष सावध राहायला हवे, ते म्हणजे राजमा. तो मूळचा अमेरिका खंडातला, आणि कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे एक विषारी प्रथिन असते. अर्धवट शिजलेले थोडे दाणे पोटात गेले तरी काही तासांतच उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. तो निदान रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात खळखळून उकळवावा किंवा कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो कच्चा लावू नये, कारण त्या उष्णतेला हे द्रव्य नष्ट होत नाही. मोडांचेही तसेच आहे. मोड येण्याची ऊब आणि ओल जिवाणूंनाही मानवते, म्हणून मटकी कच्ची खाण्यापेक्षा वाफवून घ्यावी, लहान मुलांना आणि वृद्धांना तर नक्कीच.

पोट फुगण्याची तक्रार पहिल्या पंधरवड्यात बहुतेकांची असते. कडधान्यातल्या काही शर्करा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून वायू होतो. भिजवलेले पाणी टाकल्याने आणि मोड आणल्याने त्या कमी होतात. सुरुवात मुगापासून करावी, हरभऱ्याकडे आणि वाटाण्याकडे हळूहळू जावे.

आता पोषणाचा प्रश्न. कोरड्या कडधान्यात १०० ग्रॅमला साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ खाल्ली तर ७ ग्रॅमच्या आसपास मिळतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी लायसिन कडधान्यात भरपूर आणि मिथिओनिन कमी, धान्यात नेमके उलटे. म्हणून उसळीबरोबर भाकरी ही जोडी चांगली जमते. उसळीवर पिळलेले लिंबू तिच्यातले लोह शोषायला मदत करते, तर जेवणानंतर लगेच घेतलेला कोरा चहा त्यात अडथळा आणतो. दुधाबरोबर गेलेल्या कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोजच्या खाण्यात आणावेत. पण ब-१२ जीवनसत्त्व कोणत्याही कडधान्यात नाही, मोड आणूनही ते येत नाही. त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागते, आणि व्हीगन होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला घरच्यांनी हे आग्रहाने सांगावे.

एक गोष्ट सांगायची राहिली. पुरणाची डाळ शिजल्यावर निथळलेल्या कटाची आमटी आपण करतोच. काबुली चण्याचा तसाच दाट कट गार करून खूप घुसळला, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेसाळ होतो, आणि गेल्या दहा वर्षांत जगभरचे व्हीगन लोक त्याचे केक करू लागले आहेत. माझ्याकडे तो केक दोनदा बसला, तिसऱ्यांदा फुलला.

भाचा आता जर्मनीत असतो. पहिल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला, "मावशी, दोन दिवस झाले, मटकीला मोडच येत नाहीत." मी विचारले, गाठोडे कुठे ठेवले आहेस? खिडकीत, म्हणाला. ते तिथून काढून कोमट पाण्यातून बुडवून घे, घट्ट झाकणाच्या डब्यात घाल आणि घर गरम करणाऱ्या नळ्यांजवळ ठेव, असे मी सांगितले. दुसऱ्या दिवशी रात्री त्याने फोटो पाठवला. मोड आपल्याकडच्या निम्मेच होते, पण सगळ्या दाण्यांना आले होते, आणि खाली त्याने विचारले होते की आमसुले संपली आहेत, तर लिंबू कधी घालू.