दूरी

(दृश्य: रेल्वेचे रूळ, बाजूला काटेरी तार.)

हे रूळ जरा नीट बघा. तुर्कस्तान आणि सीरिया यांच्यातली सीमा बरंच अंतर या रुळांच्या कडेकडेनंच जाते. पहिल्या महायुद्धानंतर नकाशा आखणाऱ्यांना आयतीच रेघ मिळाली. दोन्हीकडे राहणाऱ्या कुर्द लोकांच्या बोलण्यात तिच्या दोन अंगांना साधी नावं आहेत: 'सेरखत' आणि 'बिनखत'. रेघेच्या वर आणि रेघेच्या खाली.

कुर्द गायक जिवान हाजो खालचा. जन्म १९५७, गाव तिर्बेस्पी. कुर्दीत याचा अर्थ पांढरी थडगी. सरकारदरबारी मात्र हे नाव चालत नाही. तिथं अल-कहतानिया असं अरबी नाव चढवलेलं आहे. घराणं मूळचं वरच्या अंगाचं, मार्दिनकडचं.

सत्तरचं दशक सरता सरता तो जर्मनीत पोचला. बोखुम विद्यापीठात संगीतशास्त्र शिकला. कुर्द गाणं तोवर बहुतेक साझ या लांब मानेच्या तंतुवाद्याच्या तारांवर किंवा नुसत्या गळ्यावर चालायचं. हाजोनं त्यात ड्रम, गिटार आणि सॅक्सोफोन आणले. रॉक आणि जॅझचा वारा आत येऊ दिला. शब्द मात्र कुर्मांजी या कुर्दी बोलीतलेच ठेवले. जुन्या चालींवर जीव असलेल्यांच्या कपाळाला आठी पडली असणारच. पण ज्या भाषेला घरचे लोकही गावरान समजू लागले होते, ती त्या काळातल्या पोरांसारखी वाजू लागली. त्याचं मोठं काम मला तरी इथं दिसतं, घोषणांपेक्षा इथं.

(दृश्य: कॅसेटचं चाक फिरतं. खरखर.)

आता रेघेच्या वर काय चाललं होतं? १९८३ मध्ये तुर्कस्ताननं २९३२ क्रमांकाचा कायदा केला. मौज अशी, की त्यात 'कुर्दी' हा शब्दच नाही. तुर्कस्ताननं मान्यता दिलेल्या देशांची जी पहिली अधिकृत भाषा नाही, तिच्यात विचार मांडायला आणि छापायला बंदी, असली आडवळणी रचना. नाव न घेता गळा आवळायचा! १९९१ मध्ये तो रद्द झाला.

मधल्या वर्षांत गाणी फिरली ती कॅसेटींवर. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढे आणि आवाज मागे सरके. धाड पडेल या धास्तीनं लोकांनी कॅसेटी जमिनीत पुरल्या. आपल्याकडेही कॅसेटची गुंडाळी अडकली की पेन्सिल घालून फिरवायचो. पण ती मातीतून उकरून काढायची वेळ आपल्यावर आली नाही.

हाजोच्या एका गाण्याचं नाव 'सी ऊ से गुले', म्हणजे तेहतीस गोळ्या. १९४३ मध्ये वान प्रांतात सैन्यानं खटल्याविना तेहतीस गावकऱ्यांना गोळ्या घातल्या, त्याची ही आठवण. आणि त्याच माणसाच्या एका अल्बमचं नाव 'गुला सोर', लाल गुलाब. 'गुल' फूल, 'गुले' बंदुकीची गोळी. मध्ये एका स्वराचं अंतर.

त्याच्या अल्बमची काही नावं तर मराठी कानाला उलगडून सांगावी लागत नाहीत. 'देर्या' म्हणजे आपल्या कोळीगीतांतला दर्याच. फारसी घराण्यातले शब्द दोन्हीकडे पोचलेत. 'दूरी' आला १९९४ मध्ये. हा गायक तेव्हा घरापासून दीड दशक लांब होता. पुढे तो स्कॅन्डिनेव्हियात राहिला.

(दृश्य: बात्मान शहर. संध्याकाळ.)

२००३ साल. बात्मान, रेघेच्या वरचं शहर. युरोपीय संघाच्या दाराशी उभ्या तुर्कस्ताननं नुकतेच काही निर्बंध सैल केलेले. हाजो इथं मंचावर आला, तेव्हा गर्दी लाखांच्या घरात होती. त्याला प्रत्यक्ष बघण्याची कित्येकांची ही पहिलीच वेळ. आवाज मात्र वीस वर्षांपासून ओळखीचा, खरखरीसकट.

तिर्बेस्पीहून बात्मान सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तो तिथं पोचला पंचेचाळिशी ओलांडल्यावर, जर्मनीला वळसा घालून.