धाप गवतातून येते

(दृश्य: पावसाळी सकाळ, कौलारू तबेला)

चार दिवस पावसाने उसंत दिलेली नाही, त्यामुळे घोडा ठाणावरच उभा आहे. ताप नाही, चंदी खातो आहे. पण श्वास सोडताना त्याची कूस दोनदा हलते, एकदा आपोआप आणि मग जोर लावून पुन्हा. बरगड्यांच्या मागच्या कडेला ही तिरकी रेघ दिसते का? श्वास बाहेर ढकलून ढकलून पोटाचा स्नायू जाड झाला, की ती उमटते. म्हणजे दुखणं आजचं नाही, बरेच महिने मुरलेलं आहे.

श्वासनलिका पुन्हा पुन्हा आवळण्याच्या या आजाराला 2016पासून पशुवैद्यक ‘घोड्यांचा तीव्र दमा’ म्हणू लागले. तो बहुतेक सात वर्षांपुढच्या जनावरात दिसतो, आणि तट्टंही त्यातून सुटत नाहीत. मूळ असतं चाऱ्यात. वाळल्या गवतातले अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू श्वासाबरोबर पार आतपर्यंत जातात. ज्याला त्यांचं वावडं आहे, त्याच्या नलिका आकसतात, आतून सुजतात आणि चिकट शेंबडाने भरतात. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, म्हणून नाकपुड्या अशा फाकतात.

थंड मुलखात हे हिवाळ्याचं दुखणं, कारण तिथे जनावर तेव्हा कोंडलं जातं. गोव्यात ती पाळी जून ते सप्टेंबर येते. कापणीनंतर गवतात ओल पंधरा टक्क्यांच्या आत हवी. वीसच्या वर राहिली, तर गठ्ठा आतून तापतो आणि बुरशी धरतो. घाट उतरून आलेला गठ्ठा वाटेत भिजला किंवा गळक्या पडवीत राहिला, तरी तेच. त्यात भाताचा पेंढा खायलाही आणि अंथरायलाही. घोड्याचं नाक दिवसरात्र त्यातच.

(दृश्य: कुशीवर स्थिर नजर, हातात घड्याळ)

श्वास मोजायचे ते पहाटे, सावलीत, काम सुरू होण्याआधी. दुपारच्या उकाड्यात निरोगी घोडाही भरभर श्वास घेतो, त्या मोजणीला अर्थ नाही. कुशीकडे बघत तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. मिनिटाला आठ ते सोळा ठीक. रोज वीसच्या वर जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थर्मामीटरही लावा, दम्यात सहसा ताप नसतो. ताप, नाकातून पू आणि अंगावर गाठी असतील, तर घोडा ताबडतोब वेगळा बांधा आणि सरकारी पशुवैद्यांना कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि त्याची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडने सूज काही दिवसांत उतरते, पण लॅमिनायटिसची (खुराच्या आतली सूज) भीती असते, तट्टांना जास्तच. म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवणार. क्लेनब्युटेरॉल नलिका उघडतं, मात्र एकटंच लांबवलं तर त्याचा गुण ओसरतो. अँटिबायोटिक इथे बहुधा वाया जातं. आणि घोडा त्याच पेंढ्यावर बांधलेला असेल, तर सगळ्याच औषधांचे पैसे पाण्यात.

(दृश्य: पिंपात बुडवलेली गवताची जाळी)

खरा उपचार या पिंपात आहे. तीनशे किलोच्या तट्टाला दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा लागतो. एका वेळचा चारा जाळीत भरायचा, वर दगड ठेवून पूर्ण बुडवायचा. दहा ते तीस मिनिटं पुरे. वरून शिंतोडे मारून भागत नाही, आतला भाग कोरडाच राहतो. तासन्‌तास भिजवण्यातही हशील नाही: पोषण पाण्यात उतरतं, आणि आपल्या हवेत चारा आंबतो. निथळला की लगेच जमिनीवर घाला. मान खाली राहिली की शेंबूड वाहून जातो. उरलेला ओला चारा काढून टाका, पिंपातलं पाणी ओतून द्या. दिसायला स्वच्छ गवतही भिजवायचंच. बुरशीचा वास येणारं मात्र भिजवूनही घालू नका.

तोबरा तर बंदच. कोरडा कोंडा आणि नाक एकाच पिशवीत, यापेक्षा वाईट सोय सुचणार नाही! चंदी पाण्याने ओली करून घमेल्यात द्या.

अंथरायला पेंढा नको, भाताचं तूसही नको. रबराची चटई, वर रंध्याच्या जाडसर ढलप्या. करवतीचा बारीक भुसा त्यातल्या त्यात वाईट. लीद आणि मुतारीची ओल रोज काढा, अमोनियाही नलिकांना झोंबतो. झाडलोट करताना घोडा बाहेर बांधायचा. माळ्यावर गवत साठवलं असेल, तर ते दुसऱ्या खोलीत हलवा. शेजारच्या ठाणावर कोरडा पेंढा असेल, तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही, हवा दोघांची एकच.

डासांसाठी नारळाची सोडणं पेटवून धुरी देण्याची रीत जुनी आहे. दम्याच्या घोड्याला ती सोसत नाही. त्यापेक्षा पंखा आणि दाराला जाळी बरी.

उघडीप मिळाली की घोडा बाहेर काढा. फरक पडायला आठवडे लागतात, आणि कोरड्या चाऱ्याची एक पेंडी काही तासांत सगळं उलटवू शकते.

एक अपवाद आहे. उष्ण, दमट हवेत काही घोड्यांना हाच त्रास हिरव्या कुरणात होतो. अमेरिकेच्या आग्नेय भागात तो ठाऊक आहे. तबेल्यात बरा असणारा घोडा रानात सोडल्यावर धापायला लागला, तर उपाय उलटा करायचा: कुरण बंद, घोडा वारा खेळत्या ठाणावर आत, आणि चारा भिजवलेलाच.