४८ केबीत जे मावलं नाही

[दृश्य: जुना जाडजूड टीव्ही. पडद्यावर तुटक, उभ्या रेघा. एक हात प्लॅस्टिकची छोटीशी चौकट पडद्याला टेकवतो.]

एक डोळा मिटा. ही चौकट पडद्याला टेकवा आणि दुसऱ्या डोळ्याने तिच्यातून बघा. एरवी नुसत्या विस्कटलेल्या दिसणाऱ्या या रेघा आता जागेवर येतात आणि दोन अक्षरं वाचता येतात. ती टाइप केलीत की गेम सुरू. चुकलात तर पुन्हा प्रयत्न करायचा. तिसऱ्यांदाही चुकलात, तर कॅसेट रिवाइंड करून सगळं पहिल्यापासून.

या चौकटीचं नाव लेन्सलॉक. १९८५ साली फायरबर्ड या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'एलीट' हा गेम काढला, त्याच्या खोक्यात ती मिळायची. आत उभ्या प्रिझमांची एक ओळ असते. गेम अक्षरांचे पट्टे मुद्दाम उलटसुलट करून दाखवतो आणि प्रिझम ते परत जुळवतात. त्याआधी 'ओके' ही अक्षरं कळा दाबून आपल्या टीव्हीच्या मापाला बसवून घ्यावी लागतात. टीव्ही फार मोठा किंवा फार लहान असला, तर ती बसतच नाहीत. काही खोक्यांत तर चुकीचंच लेन्सलॉक भरलं गेलं होतं. ज्यांनी रोख पैसे मोजून गेम घेतला, तेच त्यामुळे बाहेर अडकले.

आज हा गेम इंटरनेटवरून क्षणात उतरवता येतो आणि त्याला कुलूपही नसतं. तरीही जगभर माणसं ही खोकी शोधतात, दुरुस्त करतात आणि त्यातले गेम खेळतात. का, ते समजायला आधी हे यंत्र बघायला हवं.

[दृश्य: काळं, चपटं यंत्र. राखाडी रबरी कळा. उजव्या कोपऱ्यात रंगीत तिरपे पट्टे.]

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम बाजारात आणला. १६ केबी, म्हणजे किलोबाइट, मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. यंत्रं तयार होत स्कॉटलंडमधल्या डंडीत, टाइमेक्सच्या कारखान्यात. मॉनिटर म्हणून घरचा टीव्ही आणि गेम लोड करायला घरचाच कॅसेट प्लेअर, त्यामुळे ब्रिटनमधल्या साध्या नोकरदार घरांतही कॉम्प्युटर पोचला. भारतातही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तो परवान्यासह विकला. तेव्हा आपल्याकडे कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातली, एसी खोलीतली वस्तू. तो थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडता येतो, ही गोष्ट ज्यांनी त्या वयात पाहिली, त्यांच्यातले कितीतरी जण पुढे याच क्षेत्रात रमले असणार.

४८ केबी म्हणजे किती? मोबाइलवर काढलेल्या एका फोटोच्या जागेत असे पन्नासेक गेम सहज बसतील. त्यातलेही जवळजवळ ७ केबी पडद्यासाठीच राखून ठेवलेले. उरलेल्या जागेत चित्रं, आवाज, नकाशे, नियम, सगळं कोंबायचं.

[दृश्य: कॅसेट प्लेअरचं बटण दाबलं जातं. पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे, मग पिवळे-निळे बारीक पट्टे.]

आता हे नीट बघा. आधी एकसुरी शिट्टी येते, ती यंत्राला सावध करायला. मग खरखर सुरू होते, तो गेमचा डेटा. शून्यासाठी आखूड स्पंदनं, एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीची. यंत्र ती मोजत राहतं. चित्र पडद्याच्या तीन भागांत उमटतं: वरचा तिसरा हिस्सा, मधला, खालचा. तेही ओळीनं नाही. दर आठवी रेघ आधी, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. सगळं आधी दोनच रंगांत दिसतं. शेवटच्या चारेक सेकंदांत वरून खाली रंग भरत येतात आणि चित्र जिवंत होतं. मग आणखी चार-पाच मिनिटं थांबायचं.

आणि या चार-पाच मिनिटांत पोरं काय करायची? खोकं उघडायची. मुखपृष्ठ न्याहाळायची, सूचना वाचायची, नकाशा पसरायची. गेम लोड व्हायच्या आत गोष्ट सुरू झालेली असायची. माझ्या मते खोक्याचं खरं काम इथे कळतं. ४८ केबीत जे मावलं नाही, ते बनवणाऱ्यांनी खोक्यात भरलं.

'एलीट'चंच बघा. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी तो मुळात बीबीसी मायक्रो या दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी लिहिला, १९८४ साली. (हाच बीबीसी मायक्रो त्याच सुमारास 'क्लास' प्रकल्पातून भारतातल्या शाळांमध्येही आला.) अंतराळात जहाज चालवत व्यापार करायच्या या गेममध्ये आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढे ग्रह साठवायला जागा कुठली? म्हणून ते साठवलेलेच नाहीत. काही मोजक्या आकड्यांपासून ठरलेल्या हिशेबाने ते दर वेळी नव्याने तयार होतात आणि दर वेळी तेच निघतात. अजोड कल्पना. पण पडद्यावर दिसतं काय, तर काळ्या पार्श्वभूमीवर रेघांचे सांगाडे. ही जहाजं कुणाची, व्यापारी कोण, चाचे कोण, या पोकळीत जगायचं कसं, हे सांगायला खोक्यात जाड माहितीपुस्तिका होती आणि रॉबर्ट होल्डस्टॉक यांनी लिहिलेली 'द डार्क व्हील' ही छोटी कादंबरी. ती वाचून खेळायला बसलं की त्याच रेघांमध्ये माणसं दिसू लागतात. नुसती फाइल उतरवून खेळणाऱ्याला हा अर्धा गेम मिळतच नाही.

त्याआधी, १९८२ साली, मेलबर्न हाउसने 'द हॉबिट' काढला, तेव्हा खोक्यात टॉल्किनची अख्खी कादंबरीच दिली. वेरोनिका मेग्लर आणि फिलिप मिचेल यांनी ऑस्ट्रेलियात लिहिलेल्या या गेममधली पात्रं तुमच्यासाठी थांबत नाहीत, आपापल्या मनाने वागतात. तुम्ही विचार करत बसलात, तर थोरिन खाली बसून सोन्याबद्दल गायला लागतो. अडलं की पुस्तक उघडायचं आणि पुढे काय होतं ते बघायचं.

[दृश्य: रंगीत चौकोनांनी भरलेलं छोटं कार्ड. बोट एकेका रकान्यावरून सरकतं.]

खोक्यात कुलूपंही असत. मॅथ्यू स्मिथच्या 'जेट सेट विली'सोबत, १९८४ साली, हे कार्ड मिळायचं. त्यावर १८० रंगीत संकेत आहेत. गेम एक रकाना विचारतो आणि तिथले रंग बघून उत्तर द्यायचं. कॅसेटची नक्कल दोन डेक असलेल्या कुठल्याही टेपरेकॉर्डरवर व्हायची, पण रंगीत झेरॉक्स तेव्हा घराजवळ कुठे मिळत होती? आज या गेमची प्रत घेताना पहिला प्रश्न कार्डाचा असतो. कॅसेट आहे आणि कार्ड नाही, तर ती खोलीची किल्ली हरवलेली.

याच गेममध्ये एक मोठा दोष होता. माळ्यावरच्या खोलीत पाऊल टाकलं की एक बाण मेमरीत भलतीकडे घुसायचा आणि नंतर काही खोल्या जीवघेण्या होऊन बसायच्या. गेम पूर्ण करणं अशक्य. त्या खोल्यांत विषारी वायू आहे, असं आधी कंपनीनं सांगितलं. पुढे मात्र दुरुस्तीचे 'पोक' जाहीर केले, म्हणजे लोड करताना स्वतः टाइप करायचे आकडे. जुन्या प्रतीच्या इनलेच्या, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाच्या, मागे कुणी पेन्सिलने हे आकडे लिहून ठेवलेले सापडले, तर संग्राहकाच्या दृष्टीने ती प्रत खराब म्हणतात. मी ती आधी उचलीन. कुणीतरी हा गेम शेवटापर्यंत न्यायला धडपडलं होतं, त्याचा तो पुरावा आहे.

अल्टिमेट या कंपनीने 'सेबर वुल्फ'पासून खोकीच मोठी केली आणि किंमत ५.५० पौंडांवरून ९.९५ वर नेली. हेतू असा, की इतकी सुंदर आणि महाग वस्तू मित्राला नक्कल करून द्यायचं मन होऊ नये. ओशन या कंपनीच्या मुखपृष्ठांवर बॉब वेकलिन यांची चित्रं असत. आतल्या गेममध्ये आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग चालत, त्यामुळे नायक झाडाजवळून गेला की झाडाचा रंग बदलायचा. मुखपृष्ठावर मात्र तो नायक घामेजलेला, ताकदवान, पूर्ण रंगांत. पोरांनी दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून गेम खेळला.

[दृश्य: उघडलेली कॅसेट. चिमट्याने एक इवलासा फेल्टचा तुकडा बसवला जातो.]

चाळीस वर्षांनी हे खेळायचं तर हात काळे करावे लागतात. कॅसेटमध्ये धातूच्या पातळ पट्टीवर फेल्टचा एक तुकडा असतो, तो टेपला प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग आवाज येतो, पण गेम लोड होत नाही. स्क्रू असलेली कॅसेट असेल तर ठीक. चिकटवलेली असेल, तर टेप काढून दुसऱ्या डबीत घालावी लागते. प्लेअरचा रबरी बेल्ट विरघळून काळा चिकटा झालेला असतो. हेड स्पिरिटने पुसून, बारीक स्क्रू ड्रायव्हरने त्याचा कोन जुळवायचा, शिट्टी सगळ्यात स्वच्छ, तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत. आणि एक गोष्ट विसरू नका: स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरची पिन मध्यभागी ऋण असते. हाताला लागला तो अ‍ॅडाप्टर जोडलात, तर यंत्र जळू शकतं.

सील न तोडलेल्या खोक्यांना लिलावात जास्त पैसे मिळतात, म्हणून काही जण ती तशीच कपाटात ठेवतात. मला ते पटत नाही. आत टेप म्हातारी होतच असते. ती न ऐकताच गेली, तर कुणाच्या हाती काय लागलं? खोकं उघडावं. प्रत्येक कागद स्कॅन करावा, टेपची डिजिटल प्रत करून ठेवावी. केंब्रिजच्या 'सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्टरी'मध्ये तर जुनी यंत्रं लोकांना हाताळायला, खेळायला मिळतात. हे सगळं झालं, की मूळ कॅसेट प्लेअरमध्ये घालावी, 'लोड' टाइप करून दोन अवतरणचिन्हं द्यावीत, एंटर दाबावं आणि माहितीपुस्तिका घेऊन बसावं.