पाठ टेकली की सुरू

या फोटोत हे जे दिसतंय ना, बाल्कनीतल्या दोरीवर, पुठ्ठ्यासारखं कडक, दोन्ही हात पसरून उभं, तो माझा गी आहे. गी म्हणजे जु-जित्सूचा, जमिनीवर लोळून खेळायच्या कुस्तीचा, जाड कॉटनचा कोट आणि पॅंट, कोरडा असताना दीड-दोन किलो, आणि तासभर घामात भिजला की किती ते मी कधी मोजलं नाही पण पाठीवरच्या सॅकला बरोबर कळतं. वॉर्सामध्ये रात्री बाहेर वाळत टाकला, सकाळी उठून बघते तर लाकूड. काढून भिंतीला टेकवला तर टेकून उभा राहिला. हॉस्टेलमधली एक मुलगी दात घासत आली, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत गेली.

मी कोल्हापूरची. आधीच सांगून टाकते, आम्ही मुली घरी 'मी आलो, मी गेलो'च म्हणतो, इथे सगळ्यांना नीट कळावं म्हणून 'आले-गेले' म्हणतेय, कोल्हापूरकरांनी तेवढं पोटात घालावं.

माझे आजोबा, आम्ही आबा म्हणतो, पैलवान. म्हणजे तालुक्यापुरते पैलवान, पण कान बघाल तर हिंदकेसरीचे. लहानपणी त्यांच्याबरोबर पहाटे तालमीपर्यंत जायचे, दारापर्यंतच हं, आत मुलींना नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसून खिडकीच्या गजातून हौद्यातली लाल माती दिसायची, आणि वास, तेल ताक हळद घालून मळलेल्या मातीचा आणि घामाचा. त्या खिडकीतून मी कुस्तीचं जेवढं शिकले त्यातली एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, की पाठ लागली की संपलं. चितपट, आस्मान दिसलं, निकाल, चला पुढची जोड.

पुढे नोकरीला पुण्यात आले आणि तिथे ब्राझिलियन जु-जित्सू सापडलं. दोन वर्षं केलं, पांढरा पट्टा, त्यावर टेपच्या दोन पट्ट्या, म्हणजे बालवाडीच. या खेळात काळ्या पट्ट्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात. तर 2023च्या डिसेंबरात नोकरी सोडली होती, नवी फेब्रुवारीत सुरू होणार होती, मधे सहा आठवडे मोकळे, युरोपातल्या बऱ्याच देशांत एकदम चालणारा शेंगेन व्हिसा हातात, आणि मी ठरवलं की युरोपात जायचं आणि प्रत्येक शहरात मॅटवर उतरायचं. ही आयडिया काही माझी नाही. डेन्मार्कचा क्रिस्टियन ग्राऊगार्ट नावाचा एक ब्लॅक बेल्ट 140 दिवसांत जगभरच्या 56 अकॅडम्यांमध्ये ट्रेनिंग करत फिरला होता, आणि त्यातून पुढे ग्लोबट्रॉटर्स नावाचं मोठं गणगोत तयार झालं, त्यांच्यात कोण कुणाला घरात झोपायला जागा देतं त्याची यादीसुद्धा असते, मॅटसर्फिंग म्हणतात. हिवाळाच का तर तेव्हाच सुट्टी होती म्हणून, बाकी काही तत्त्वज्ञान नाही.

सुरुवात लिस्बनला. लोक म्हणतात लिस्बनला थंडी नसते, खरंय, रस्त्यावर नसते, ती सगळी घरात बसलेली असते. तिथल्या जुन्या घरांत हीटिंगच नसतं बहुतेक, फरशी थंडगार, भिंतींना ओल, मी खोलीत टोपी घालून झोपायचे आणि सकाळी ऊन खायला बाहेर यायचे. गी दोन दिवस वाळला नाही, तिसऱ्या दिवशी ओलाच घातला. ओला गी अंगात चढवताना जे होतं ते पंचगंगेत जानेवारीत डुबकी मारणाऱ्यांनाच सांगायला नको.

पण लिस्बनला जायचं कारण वेगळं होतं. तिथे भाषा पोर्तुगीज, त्यामुळे ब्राझीलहून आलेले मास्तर भरपूर. हा खेळच मुळात प्रवासातून झालेला आहे. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्यूडोवाला देशोदेशी कुस्त्या मारत 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेम शहरात त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी नावाचा पोरगा शिकला, मग त्याचे भाऊ, त्यात एलिओ अंगाने किरकोळ, त्यामुळे ताकदीपेक्षा कोन आणि वजनाची तरफ यांच्यावर भर वाढत गेला. आणि 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या मारामाऱ्यांच्या खेळाडूंची पिंजऱ्यातली स्पर्धा, झाली तेव्हा एलिओचा मुलगा रॉयस, साधारण ऐंशी किलोचा, आपल्याहून दांडग्या माणसांना जमिनीवर नेऊन एकाच रात्रीत हरवून बसला. रॉयस नाही, हॉयस. पोर्तुगीजमध्ये तो र घशातून ह होतो, मी रॉयस म्हटलं की सगळा क्लास हसायचा.

पहिल्या रात्री माझी जोड लागली एका बाईशी. पन्नाशीची असेल, जांभळा पट्टा, माझ्यापेक्षा आठ-दहा किलो हलकी, केसांना रबर लावताना तोंडात क्लिप धरलेली, अगदी आपल्या बँकेतल्या काउंटरवरच्या मॅडम. हातावर हात मारला, घड्याळाने पी केलं. मी खडाखडी केली थोडी, खाली वाकले आणि पट काढला. आबांचा पट. दोन्ही पाय कवेत, खांदा पोटात, बाई धाडकन पाठीवर. पाठ पूर्ण मॅटला, दोन्ही खांदे टेकलेले, स्वच्छ निकाल. आणि माझे हात सैल पडले. मी ठरवून नाही सोडले, ते आपोआप सुटले, वीस वर्षांपूर्वी त्या खिडकीतून बघितलेलं सगळं त्या क्षणी हातांना आठवलं असणार.

बाई मात्र आता कुठे कामाला लागली होती. तिने माझी उजवी मनगट-बाही धरली, डावा हात माझ्याच छातीकडे ढकलला, कमरेतून किंचित तिरकी झाली आणि तिचा पाय माझ्या खांद्यावरून मानेमागे आला, दुसरा पाय त्याच्या घोट्यावर कुलूप लावून बसला. माझं डोकं आणि माझाच एक हात तिच्या मांड्यांच्या त्रिकोणात. यात श्वास अडत नाही, मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, एका बाजूला तिची मांडी आणि दुसऱ्या बाजूला माझाच खांदा. कानात समुद्राचा आवाज, डोळ्यांसमोर कडेकडेने काळं. मी तिच्या मांडीवर दोनदा थोपटलं. टॅप. आपल्याकडे शड्डू स्वतःच्या मांडीवर ठोकतात, ये म्हणायला. इथे समोरच्याच्या अंगावर थोपटायचं, सोड म्हणायला. तिने लगेच सोडलं, उठून माझी कॉलर सारखी केली, आणि म्हणाली, बोरा. म्हणजे चल, परत.

त्या सहा मिनिटांत तिने मला चार वेळा टॅप करायला लावलं. चारही वेळा पाठीवर झोपून.

रात्री आबांना फोन लावला. व्हिडिओ कॉल, त्यांचं अर्धं कपाळ आणि पंखा दिसतो नेहमीसारखा.

"पाडलीस न्हवं तिला?"

"पाडली आबा."

"पाठ लागली?"

"लागली."

"मग जिंकलीस की."

"नाही ना आबा, यात पाठ लागली की तिथनं सुरू होतंय. पाडलं तर नुसते दोन गुण, आणि ती खाली झोपून गळा आवळती."

बराच वेळ पंखाच दिसत होता. मग म्हणाले, "असली कसली कुस्ती गं ही, हरलेला माणूस जिंकतोय."

पुढच्या शहराचं नाव घेत नाही. तिथल्या जिममध्ये माझ्या दुप्पट मापाच्या एका गड्याने पाहुणी आलीय तर जरा दाखवूया म्हणून सगळं वजन गुडघ्यावर घेऊन तो गुडघा माझ्या बरगडीत रोवला, आतून कट्ट आवाज आला, मी टॅप केलं ते त्याला उशिरा ऐकू आलं. मास्तरने बघून न बघितल्यासारखं केलं. बरगडीला प्लास्टर नसतं काही नसतं, फक्त दहा दिवस हसायचं नाही, शिंकायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. व्हिसासाठी 30,000 युरोचा इन्शुरन्स काढावाच लागतो, तो काढलेला होताच, बारीक अक्षरं वाचली तर त्यात कुस्ती-ज्यूडो-कराटे वगळलेलं. तुम्ही जाणार असाल तर ती बारीक अक्षरं आधी वाचा, आणि पहिल्याच दिवशी कुणाबरोबर रोल करायचं, म्हणजे सरावाची कुस्ती खेळायची, नाही हे ओळखायला शिका, नाही म्हणता येतं, कुणी काही बोलत नाही.

म्हणून बुडापेस्टमध्ये मी मॅटच्या कडेला बसून फक्त बघितलं आणि दुपारी सेचेनी बाथमध्ये जाऊन पडले, 1913ची पिवळी इमारत, उघड्यावर गरम पाण्याचा तलाव, बाहेर शून्याच्या खाली, पाण्यातनं वाफ, आणि त्या वाफेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतायत. इतकंच, बुडापेस्टबद्दल जास्त काही नाही माझ्याकडे.

वॉर्सा. डिसेंबरात साडेतीनला दिवस मावळतो. आपल्याकडे ती शाळा सुटायचीसुद्धा वेळ नाही. चार वाजता घट्ट काळोख, पाच वाजता वाटतं रात्रीचे दहा झाले, एकटं फिरणाऱ्या माणसाने करायचं काय? आणि मग साडेसातचा क्लास. तळघरात पायऱ्या उतरून दार उघडलं की चश्म्यावर एकदम वाफ धरते, आणि तोच वास, माती सोडून सगळं तेच. तेवढ्यात लक्षात आलं की तीन दिवसांत मला कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही. दुकानात मशीनला पैसे द्यायचे, ट्रामचं तिकीट मशीनमधनं, हॉस्टेलचं कुलूप नंबरवर उघडतं. आणि इथे एका अनोळखी पोलिश मुलीचा घाम माझ्या कपाळावर टपकतोय आणि ती विचारतीय बरगडी दुखतीय का, कुठे दुखतीय, मग मी या बाजूने येत नाही.

रात्री साडेनऊला सुटल्यावर एकटी जायला भीती नाही वाटायची का, हे सगळे विचारतात. माणसांची नाही वाटली, बर्फाची वाटली. ट्रामच्या स्टॉपवर घसरले, दोन्ही पाय हवेत, आणि पाठीवर पडताना हात आपोआप बाजूला आपटला, हनुवटी छातीला लागली. दोन वर्षं रोज पहिल्या दहा मिनिटांत कंटाळत केलेलं पडण्याचं ट्रेनिंग. डोकं वाचलं, कोपर सुजलं. बाकावरच्या आजोबांनी टाळी वाजवली.

वॉर्साला एक ठिकाण मात्र मुद्दाम शोधून गेले. मॉन्टे कॅसिनोच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या एका लढाईच्या, स्मारकाजवळ एक लहानसं स्मारक आहे, कोल्हापूरचं. नंतर 2024च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथे फूल वाहून आले तेव्हा आपल्याकडे बातम्या झाल्या, मी गेले तेव्हा तिथे मी आणि एक कावळा. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे 5,000 पोलिश लोक, जास्त करून बायका आणि मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. ते गेल्यावर तिथे सिंधी निर्वासित आले आणि त्याचं झालं गांधीनगर, तेच आपलं लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते. आबांचे वडील त्या कॅम्पात दूध घालायचे, आबा पाच-सहा वर्षांचे, सायकलच्या दांड्यावर. स्मारकावरचा बर्फ हातमोज्याने झाडून फोन पुढे धरला तर आबा म्हणाले, "त्यास्नी आपला उन्हाळा सोसायचा नाही, पोरं टाकीत बसून असायची. तू तिकडची थंडी सोस आता."

मग बस. वॉर्सा, विल्नियस, रीगा, टॅलिन, दोन रात्री बसमध्ये आणि बाकीच्या स्वस्तातल्या हॉस्टेलात, प्रत्येक ठिकाणी एक-एक क्लास. हे सगळं आता एकमेकांत मिसळलंय. पायात चपला घालून मॅटपर्यंत जायचं आणि कडेला काढायच्या, अनवाणी बाहेर पाऊल नाही, नखं कापलेली हवीत, गजकर्ण असेल तर घरी बस, हे नियम सगळीकडे सारखेच. कुठे दहा युरो घेतले, कुठे वीस, रीगात मास्तरने पैसे परत खिशात कोंबले आणि म्हणाला तुमच्याकडच्या कुस्तीतला एक डाव दाखव. मी धोबीपछाड दाखवली. म्हणजे प्रयत्न केला, बरगडी आठवली, मग अर्ध्यातच सोडली, पण त्यांनी ती पूर्ण करून माझ्यावरच मारली.

टॅलिनवरून फेरीबोटीने दोन तासांत हेलसिंकी. बंदरात बर्फाचे तुकडे जहाजाला घासत जातात, आवाज जात्याचा. तारीख 15 जानेवारी, ही मात्र ठरवून गाठली होती. खाशाबा जाधवांचा जन्मदिवस, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन असतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, 1952 मध्ये इथे येऊन 57 किलोच्या फ्रीस्टाइलमध्ये ब्राँझ जिंकून गेला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. यायला पैसे नव्हते, गावाने वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून 7,000 रुपये दिले असं आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ते इथे जुलैमध्ये आले, उजेड मावळत नाही त्या दिवसांत. मी जानेवारीत, नऊ वाजून गेल्यावर दिवस उगवतो तेव्हा.

कुस्त्या झाल्या त्या मेस्सुहल्लीत. ऑलिम्पिक स्टेडियमजवळच, फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी याचा पुतळा आहे तिथे. आता त्याला तोलोचा स्पोर्ट्स हॉल म्हणतात, साधा सार्वजनिक हॉल. आत गेले तर बॅडमिंटनचे फटके, बुटांची चुईचुई, एका बाजूला शाळेची पोरं बॉलच्या मागे. मी आबांना फोन लावला. या वेळी पंखा नाही, पूर्ण चेहरा, टोपीसकट. मुद्दाम तयार होऊन बसले होते.

"कुठल्या अंगाला झाली कुस्ती?"

"ते नाही माहीत आबा, कुठे लिहिलेलं दिसत नाही."

"माती हाय का?"

"लाकूड आहे, वर रेघा मारल्यात खेळाच्या."

"असू दे. पाया पड आखाड्याच्या."

मी कोर्टाच्या कडेला, पांढऱ्या रेघेच्या बाहेर बसले, बूट काढले, दोन्ही हात फरशीला लावून कपाळाला लावले. मागून कुणीतरी खांद्यावर बोट ठेवलं. रॅकेट घेतलेली एक आजीबाई, इंग्लिशमध्ये विचारत होती, लेन्स पडली का डोळ्यातली? आणि उत्तराची वाट न बघता गुडघ्यावर बसून माझ्या शेजारी फरशी चाचपायला लागली.

फोनमधून आबा ओरडले, "कोण हाय गं ती? तीबी पाया पडतीय व्हय?"