सव्वा महिना थांबू नका: कमी दिवसांच्या बाळाचे डोळे

नमस्कार. कमी दिवसांचं बाळ काचेतून बाहेर आलं, सुट्टी झाली, घरी आलं. आता सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडणार नाही, असं आपल्याकडे घरोघरी ठरलेलं असतं. पण बाळ 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत झालीच पाहिजे. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच.

(डिस्चार्ज कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून) दिवस मोजायचे ते या जन्मतारखेपासून, सुट्टीच्या तारखेपासून नाही. बाळ 1 डिसेंबरला झालं आणि सुट्टी 22 ला मिळाली, तर हातात जेमतेम आठवडा उरतो. म्हणून दवाखाना सोडण्याआधीच कार्डावर लिहून घ्या: कोणत्या तारखेला, कोणत्या दवाखान्यात. तालुक्याला डोळ्यांचे डॉक्टर असले तरी ही तपासणी सगळीकडे होत नाही.

लवकर जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा ओढला जाऊन सुटतो आणि नजर कायमची जाते. वरून काहीच कळत नाही. डोळा लाल होत नाही, चिपडं येत नाहीत. आजी म्हणते, "डोये तं चांगले आहेत, कायले नेता?" वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेक बाळांची नजर वाचवता येते. उशीर झाला तर फार थोडं हातात राहतं.

बाहुली मोठी करायला आधी थेंब टाकतात, मग काही मिनिटांची तपासणी. बाळ रडतं, घाबरू नका. उलटी होऊ नये म्हणून तासभर आधी दूध पाजू नका. आणि एकदा दाखवून भागत नाही: वाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. कापूस वेचणीच्या दिवसांत नेमकी हीच दुसरी-तिसरी खेप चुकते. ती चुकवू नका, मजुरीचा दिवस बुडाला तरी.

थंडीत नेताना बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच घालून आईच्या उघड्या छातीशी उभं धरा, मान एका बाजूला, नाक मोकळं. वरून लुगड्याने बांधा, त्यावर शाल. वाटेत हात लावून बघत राहा. पाय गार आणि पोट गरम असेल, तर बाळाला थंडी वाजते आहे, आणखी झाका. पोटही गार लागलं, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर तपासणी बाजूला ठेवा आणि आधी 108 ला फोन करा.