गालातली पेशी आणि तिच्यावर बसलेले बॅक्टेरिया

आता मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर जे फिकट निळं पसरलेलं दिसतंय ना, ती गालाच्या आतली पेशी आहे. टूथपिकनं हलकंच खरवडायचं, काचपट्टीवर पसरायचं, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकायचा, बास. मधला गडद गोल म्हणजे केंद्रक, आपला बहुतेक सगळा डीएनए तिथं. आता फोकस जरा हलवून पेशीवरचे बारीक ठिपके आणि काड्या बघा, ती घाण नाहीये, ते आपल्या तोंडातले बॅक्टेरिया आहेत. म्हणजे शाळेत ज्यांच्यातला फरक तक्ता करून पाठ करायला लावतात त्या आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेल्या, म्हणजे बॅक्टेरिया) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या, म्हणजे आपल्या) पेशी एकाच काचेवर, एकमेकींना चिकटून.

गालाची पेशी साधारण 50-60 मायक्रोमीटर, बॅक्टेरिया जेमतेम 1-2. बॅक्टेरियात केंद्रक नसतं, डीएनए पेशीद्रवातच मोकळा असतो, त्यामुळे त्याच्यावरून आरएनएची कॉपी निघत असतानाच रायबोझोम, म्हणजे प्रोटीन बनवणारी पेशीतली यंत्रं, तिला धरतात आणि प्रोटीन बनवायला लागतात, कॉपी पूर्ण व्हायची वाटसुद्धा बघत नाहीत. आपल्याकडे आरएनए आधी केंद्रकात तयार होणार, तिथंच त्याची काटछाट होणार, मग केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर, आणि मग प्रोटीन. वेळ जातो, पण कुठल्या पेशीत काय बनवायचं यावर कंट्रोल राहतो आणि त्याच्याच जोरावर एका गर्भपेशीपासून डोळा पण होतो आणि यकृत पण.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आपली अँटिबायोटिक्स याच फरकांवर चालतात. बहुतेक बॅक्टेरियांना पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) भिंत असते, आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन ती भिंत बांधू देत नाही तरी आपल्या पेशींना काही होत नाही. 1943 मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या लॅबमध्ये अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, टीबीवर खरंच चालणारं पहिलं अँटिबायोटिक, ते बॅक्टेरियाचा 70एस (हा आकड्याचा प्रकार रायबोझोमच्या आकाराचा) रायबोझोम पकडतं. आपल्या पेशीद्रवातला 80एस, वेगळ्या घडणीचा, तो वाचतो.

पण आपल्याही पेशीत एक भाग जुन्या बॅक्टेरियाचाच आहे. मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी 1967 च्या पेपरमध्ये हे ठामपणे मांडलं, तो पेपर आधी बऱ्याच जर्नल्सनी परत पाठवला होता, आज ते पुस्तकात आहे. दीडशे कोटी वर्षांहून आधी एका पेशीच्या आत एक बॅक्टेरिया शिरला आणि तिथंच राहिला. त्याचा स्वतःचा गोल डीएनए अजून आहे, आपल्यात 16,569 बेस जोड्या (म्हणजे डीएनएची अक्षरं), 37 जीन्स, आणि रायबोझोमही स्वतःचे, बॅक्टेरियाच्या वळणाचे.

स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या गटातली औषधं कानाची काळजी घेत जपून द्यावी लागतात, त्यामागं हेही एक कारण आहे. काही जणांच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत 1555 व्या जागी एका अक्षराचा बदल असतो, त्यानं रायबोझोमचा तेवढा भाग बॅक्टेरियासारखा दिसायला लागतो आणि औषध तिथंच चिकटतं, मग नेहमीच्या डोसलासुद्धा कायमचा बहिरेपणा येऊ शकतो, कारण आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात परत उगवत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, तेव्हा आईच्या बाजूला कुणाला असं इंजेक्शन घेतल्यावर ऐकू यायचं कमी झालं असेल तर हे औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.