कडेवरचं मूल

मंडळी, तैलरंग शिकायचे तर आधी एका जुन्या चित्राची नक्कल करा, असं माझ्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी खट्टू झालो होतो. शाळेत नक्कल पकडली गेली की छडी बसायची. आज इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात उभा राहून मी नकलेचीच बाजू मांडतोय.

मी राजा रविवर्मा यांचं १८९३ सालचं 'देअर कम्स पापा' निवडलं. त्यांची लेक महाप्रभा उभी आहे, कडेवर मूल, जवळ कुत्रा. बाबा येताहेत, पण चित्रात बाबा नाहीतच! कुटुंबाचं चित्र असंही काढता येतं, हे मला फार भावलं. शिवाय रविवर्मा स्वतः असेच, दुसऱ्याचं काम बघून शिकले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोर दरबारी आला. त्याने शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं.

मूळ चित्र केरळात, माझ्यापुढे छापील प्रत. तिच्यावर चौकोन आखले, तेच मोठे करून कॅनव्हासवर उतरवले. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाने सगळी छायाप्रकाशाची मांडणी केली. अंबरमध्ये मँगेनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. त्यावर चढत जाणाऱ्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढवायचं. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा तेलकट थर अजून हलत असेल आणि वरचा कमी तेलाचा थर आधी कडक झाला, तर तडे जातात. मी केस भरपूर तेल घालून आयव्हरी ब्लॅकने रंगवले, आणि आठवड्याभरात त्यावर पातळ तपकिरी चमक दिली. पुढे तिथे उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. त्या मी बुजवल्या नाहीत. शिकायला येणाऱ्यांना दाखवतो.

पण खरा घाम काढला तो आईचा हात मुलाच्या अंगाला टेकतो त्या जागेने. दोन्हीकडे कातडीच. मी आईसाठी एक रंग कालवला, मुलासाठी दुसरा, मध्ये नीट रेघ ठेवली. मूल चिकटवल्यासारखं दिसायला लागलं. तीनदा खरवडलं.

मग लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात गेलो. बडोदेकरांचं हे भाग्य, सयाजीरावांनी करवून घेतलेली रविवर्म्यांची चित्रं आपल्याला चालत जाऊन बघता येतात. छापील प्रतीत सगळ्या कडा सारख्याच दिसतात. अस्सल चित्रापुढे कळलं की उजेडातली कड धारदार आहे, आणि सावलीतली शेजारच्या रंगात विरून गेलीय. चेहरे बघायचे सोडून मी दुपारभर नुसत्या कडा बघत बसलो.

घरी येऊन दोन्ही कातड्यांसाठी सावलीचा एकच रंग कालवला: अंबर, यलो ऑकर, किंचित हिरवा. तो ओला असतानाच उजेडाचे दोन वेगळे रंग दोन्ही बाजूंनी त्याच्यापर्यंत आणले आणि कोरडा मऊ ब्रश अलगद, जवळजवळ न टेकवता, एकदाच फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला असता तर चिखल झाला असता.

मूल कडेवर बसलं. त्याच्या वजनाने आईची कंबर जराशी एका बाजूला गेलीय, हेही मला तेव्हाच दिसलं. तोवर तीन महिने मी ती सरळच काढत होतो. मूल नेमकं कुठे सुरू होतं ते त्या सावलीत आता मलाही बोट ठेवून दाखवता येत नाही.